थिबा राजवाडा : जांभा आणि सागवान



रत्नागिरीच्या वैभवशाली वास्तूंचा विषय निघाला की थिबा राजवाड्याचे नाव अग्रक्रमाने येते. परंतु ही वास्तू वैभवाइतकीच पराधीनतेचीही साक्षीदार आहे.

ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याने नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले येथे इंग्रजांपुढे शरणागती पत्करली. १८८६ साली त्याला राणी सुपयालत आणि परिवारासह रत्नागिरीत आणण्यात आले. सुमारे चोवीस वर्षे अन्य बंगल्यांत काढल्यानंतर, १९१० साली हा परिवार भाट्याच्या खाडीकडे दृष्टी असलेल्या या राजवाड्यात राहावयास आला.

राजवाड्याची बांधणी पाहिली म्हणजे दोन देशांचा संगम लक्षात येतो. भिंतींचा जांभा दगड कोकणच्या भूमीतला. उतरती छपरे आणि प्रशस्त व्हरांडे येथील मुसळधार पावसाला साजेसे. आतील लाकूडकाम मात्र ब्रह्मी सागवानाचे. अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरील कोरीव नक्षी, रंगीत काचा आणि नृत्यदालनाची संगमरवरी फरसबंदी आजही प्रेक्षकाला खिळवून ठेवते. सागवानात नैसर्गिक तेलाचा अंश असल्याने दमट हवा आणि वाळवी यांपुढे ते दीर्घकाळ टिकते.

या सागवानाची कथा मोठी विलक्षण आहे. मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ब्रह्मदेशातून नेलेल्या सागाच्या ओंडक्यांचे पूर्ण शुल्क भरले नाही, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने तिला जबर दंड केला. त्याच वादाचे निमित्त करून इंग्रजांनी युद्ध पुकारले. ज्या लाकडापायी राज्य गेले, तेच लाकूड राजाच्या बंदिवासाचे छत झाले! नियतीचा आणखी एक योग असा की, हा राजवाडा उभा राहत असताना रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते.

राजाला या वास्तूचा सहवास जेमतेम सहा वर्षे लाभला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. १९१९ साली राणी मायदेशी परतली. राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच राहिली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी तेथे येऊन आदरांजली वाहिली.

आता राजवाड्यात शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. राजपरिवाराच्या वापरातील काही वस्तू तेथे पाहावयास मिळतात. त्या मोजक्या वस्तूंपुढे उभे राहिल्यावरच भिंतींमागचे माणूस जाणवते. वास्तू दगडाने उभी राहते. ती बोलकी होते ती तिच्यातील वस्तूंमुळे.

बंधू-भगिनींनो, कोकणातील जुनी जांभ्याची घरे झपाट्याने पाडली जात आहेत. त्यांतील सागवानी झोपाळे, फडताळे, पेट्या भंगाराच्या भावाने निघून जातात. एखादी वस्तू घराबाहेर पडण्यापूर्वी ती कोणाची, कोठून आली, कोणी वापरली, एवढी नोंद तरी घरातील वडीलधाऱ्यांकडून अवश्य करून घ्यावी. वस्तू गेली तर दुसरी मिळेल. तिची हकीकत जाणणारे माणूस गेले की ती हकीकत कायमची हरपते.

जय जिनेंद्र!