भिवाच्या नावामागचे नाव

(विद्यार्थी दिवसानिमित्त कडा येथे एका शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आज ७ नोव्हेंबर. सन १९०० साली ह्याच तारखेस सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढले, आणि २०१७ पासून आपले राज्य हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या भिवाचे पुढे काय झाले हे येथे बसलेल्या पोराटोरांसही ठाऊक आहे. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला बोलावयाचे आहे ते त्या नोंदीतल्या मधल्या नावाविषयी. पोर शिकले हे खरे, पण त्याला शिकविण्याचा हट्ट कोणी धरला होता?

रामजी मालोजी सकपाळ हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. बाप पलटणीत, मुलगाही पलटणीत. ज्या काळी गावच्या शाळेत महाराच्या पोरास दारात उभे करीत नसत, त्या काळी लष्करात मात्र शिपायांना व त्यांच्या मुलाबाळांना शिकविण्याची सोय होती. रामजी पुण्याच्या नॉर्मल स्कुलात तयार झाले, चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर होते आणि सुभेदार होऊन पेन्शनीत निघाले. जोतीराव फुल्यांचे ते स्नेही व चाहते. सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन त्याविरुद्ध अर्ज करण्याच्या खटपटीतही ते होते. म्हणजे ज्या शिडीने आपण वर चढलो ती सरकार काढून घेते आहे, हे त्यांनी वेळीच ओळखले होते.

आता ह्या हेडमास्तरांच्या घरची स्थिती पाहा. चौदा अपत्ये झाली, त्यांतली पाचच जगली. बायको भीमाबाई सातारला वारल्या, तेव्हा धाकटा भिवा अवघा पाच वर्षांचा. ज्याने शेकडो शिपायांना अक्षरओळख करून दिली, त्याचे स्वतःचे पोर शाळेत गोणपाटावर वेगळे बसत होते. ते गोणपाटही रोज घरून न्यावयाचे व घरी आणावयाचे. नळाला हात लावण्याची सोय नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, नाहीतर तहान. मी वर्गात शिकवितो, पटावर मुलांची नावे लिहितो, आणि हे आठवले की माझी लेखणी थांबते.

सुभेदार कबीरपंथी. घरी शिस्त कडक. मुलांनी रोज रामायण-महाभारत वाचून बहिणींना व जमलेल्या मंडळींना ऐकवावे असा दंडक होता. हे ग्रंथ आम्ही का वाचावे, असे भिवाने एकदा विचारले. तेव्हा बापाने सांगितले ते असे की, अस्पृश्यांच्या मुलांच्या मनात न्यूनगंड येतो. तो जावा म्हणून द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही माणसे कोठून कोठे चढली ते पाहावे. मुलाचे समाधान झाले नाही, आणि त्याने ते बापास सांगितलेही. आम्हा सत्यशोधकी वळणाच्या माणसांसही हे उत्तर पुरते पटण्यासारखे नाही. परंतु बापाच्या तोंडावर ‘मला पटले नाही’ असे म्हणू शकेल असे पोर ज्या घरात वाढते, त्या घराविषयी मला आदर वाटतो. आपल्यापैकी किती घरांत असे चालते?

आणि आता जे सांगतो ते आपल्या तालुक्यास फार जवळचे आहे. छप्पनचा दुष्काळ पडला. खटाव तालुक्यात कोरेगावास दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तेथे सुभेदारांना खजिनदाराची नोकरी मिळाली. पोटासाठी बाप कामावर गेला आणि मुले सातारला म्हाताऱ्या आत्याच्या व शेजाऱ्यांच्या भरवशावर राहिली. आत्याला स्वयंपाक झेपेना. मंडळी, हे चित्र ओळखीचे वाटते की नाही? दिवाळी सरली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी आपले कोयते कारखान्यावर जातात आणि घरी राहतात आजी-आजोबा व नातवंडे. आज ह्या सभेत पुढच्या रांगा म्हाताऱ्यांच्या आहेत त्या त्यामुळेच.

१९०१ च्या सुट्टीत सुभेदारांनी मुलांना कोरेगावास बोलाविले. नवे कपडे घालून मुले मोठ्या हौसेने आगगाडीने मसूर स्टेशनास उतरली. पण मुलांचे पत्र नोकराने सुभेदारांस दिलेच नव्हते. घ्यावयास कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले बैलगाडी देईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, पोरांनी गाडी हाकावी व गाडीवानाने पायी चालावे ह्या अटीवर एकजण तयार झाला. बरोबर भाकर होती, पाणी नव्हते. रात्रभर कोणी घोटभर पाणी दिले नाही. ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपली मुले तहानलेली दारात उभी पाहून त्या पेन्शनर सुभेदारास काय वाटले असेल, ते मी सांगू शकत नाही.

पुढे बिऱ्हाड मुंबईस परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. तीतच चूल, तीतच जाते, तीतच शेळी. बाप रात्री दोनपर्यंत जागा राही, मग मुलाला अभ्यासास उठवी व त्याच्या जागी आपण निजे. मुलाने पुस्तक मागितले आणि पैसे नसले, तर लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचा दागिना उसना आणी, गहाण टाकी व पेन्शन आली की सोडवी. ह्यात त्या मुलींचेही ऋण आहे, हे आपण विसरतो. सुभेदारांनी दुसरे लग्न केले ते भिवाला मुळीच रुचले नाही. घर सोडून गिरणीत कामास जाण्याचाही त्याने बेत केला होता. तेव्हा सगळे गोड होते असे समजू नये. घर ते घरच.

मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, मग पदवीधर झाला आणि बापाच्या मनाविरुद्ध बडोद्यास नोकरीवर रुजू झाला. थोड्याच दिवसांत बाप अत्यवस्थ असल्याची तार गेली. परत येताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून तो सुरतेस उतरला आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोचला, तेव्हा सुभेदारांची नजर त्यालाच शोधीत होती. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. दहा वर्षांनी बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ निघाला, तो त्यांनी आईबापांच्या स्मृतीस अर्पण केला.

 हंगामी वसतिगृहाची यादी माझ्या पिशवीत आहे. आईबाप ऊसतोडीस गेलेल्या ज्या मुलांची नावे तीत राहिली असतील, त्यांच्या आजी-आजोबांनी घरी जाण्यापूर्वी मला भेटावे.