"सर, ओटीपी आला का?"

 

आज एका फोनपासून सुरुवात करते. माझे बाबा चिखली तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापक होते. तिथून त्यांची बदली झाली. बदलीला दोन वर्षं उलटून गेली होती आणि मी महालक्ष्म्यांना घरी आले होते. रात्री जेवायला बसलो तर बाबांचा मोबाईल वाजला. पलीकडे जुन्या शाळेवर आलेले नवे सर. "सर, ओटीपी आला का?" बाबांनी डाव्या हाताने मेसेज उघडला, सहा आकडे वाचून दाखवले, फोन ठेवला आणि परत जेवायला लागले.

मी विचारलं, "बाबा, कशाचा ओटीपी?"

"काय माहीत. माहिती भरायची असंल काही. येत राहतो महिन्यातून दोन-तीनदा."

आता गंमत अशी की मी पुण्यात नेमकं हेच काम करते. कोण आत येतंय, खरंच तोच आहे का, त्याला काय काय उघडता यावं. दिवसभर मोठमोठ्या कंपन्यांची लॉगिनं सांभाळते, आणि घरी माझे बाबा ताटावरून ओटीपी वाटतायत! त्या रात्री त्या पोर्टलवर जे काही भरलं गेलं, ते नोंदीत कुणी भरलं? माझ्या बाबांनी.

तर आजचा विषय सिंगल साइन-ऑन, म्हणजे एसएसओ. नाव जड आहे, पण तुम्ही एसटीच्या पासवर कॉलेज केलं असेल तर तुम्हाला ते आधीच कळलेलं आहे. मी चिखलीहून बुलढाण्याला जायची. महिन्यातून एकदा कॉलेजचं बोनाफाईड घेऊन पासच्या खिडकीवर जायचं. तिथे कागद तपासायचे, शिक्का मारायचे. मग महिनाभर कुठल्याही गाडीत बसा, कंडक्टर बोनाफाईड मागत नाही. तो शिक्का बघतो, तारीख बघतो, झालं. तुमची चौकशी करणं त्याचं कामच नाही. खिडकीवाल्यावर त्याचा विश्वास आहे.

एसएसओमध्ये पासवर्ड फक्त खिडकीवर द्यायचा. पगाराचं ॲप, रजेचं ॲप, मेल, फाइली हे सगळे कंडक्टर. तुम्ही ॲप उघडलं की ते तुम्हाला खिडकीकडे पाठवतं. खिडकी पासवर्ड आणि वर मोबाईलवरचा कोड तपासते आणि डिजिटल सही केलेलं टोकन देते. ॲप ती सही तपासून आत घेतं. तुमचा पासवर्ड ॲपला कधी दिसतच नाही. हे टोकन कसं लिहायचं याचे नियम ठरलेले आहेत. सॅमल २.० हा नियम २००५ चा, ओपनआयडी कनेक्ट २०१४ चा. मुलाखतीला जाणाऱ्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवा, बाकीच्यांनी विसरलं तरी चालेल.

लोकांना वाटतं एसएसओचा फायदा म्हणजे दहा पासवर्ड लक्षात ठेवायला नकोत. तो फायदा आहेच, पण माझ्या मते तो दुय्यम. खरा फायदा माणूस निघून जातो त्या दिवशी होतो. वीस ॲपांत वीस खाती असतील तर एखादं बंद करायचं राहतंच. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन ही इंधन वाहून नेणारी मोठी कंपनी हल्ल्यामुळे काही दिवस बंद पडली. हल्लेखोर आत शिरले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. खातं बंद केलेलं नव्हतं, आणि पासवर्डपुढे दुसरी तपासणी नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइन खंडणी दिली, तेव्हाचे साधारण ४४ लाख डॉलर. खिडकी एकच असली की तिथे एक नाव खोडायचं, आणि नवा पास मिळणं थांबतं. आधी दिलेला पास तारखेपर्यंत चालू शकतो, म्हणून आम्ही टोकनची मुदत कमी ठेवतो.

आता परत बाबांकडे येऊ. एका शाळेला किती लॉगिनं असतात माहितीये? पगाराला शालार्थ, केंद्राचं यूडायस प्लस, विद्यार्थ्यांसाठी सरल, पोषण आहाराचं वेगळं. बाबांच्या डायरीच्या मागच्या पानावर सगळी यादी होती, त्यात शाळेचा २७०४ ने सुरू होणारा अकरा आकडी यूडायस क्रमांक लाल पेनाने. पण मूळ अडचण लॉगिनं जास्त आहेत ही नाही. अशी लॉगिनं माणसाची नसतात, खुर्चीची असतात. खुर्चीवर नवा माणूस आला की किल्लीसारखा पासवर्ड हातात द्यायचा, आणि मोबाईल नंबर बदलायचा राहून गेला की ओटीपी जुन्या माणसाकडे.

एसएसओ नीट करायचं तर हे उलटं करावं लागतं. ओळख माणसाची, नोकरी लागल्यापासून निवृत्तीपर्यंत एकच. मुख्याध्यापकपद हा त्या ओळखीला लावलेला बिल्ला. बदली झाली की बिल्ला काढायचा, माणूस तोच राहतो. केंद्रात एनआयसीचं 'परिचय' याच वाटेवर आहे. सरकारी ईमेल असलेला कर्मचारी त्याच ओळखीवर ई-ऑफिससारख्या सेवा उघडतो. राजस्थानात तर कर्मचारी आणि नागरिक दोघांनाही एसएसओ आयडी आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? २०२५ मध्ये नागपूरचं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण आठवा. खोट्या शिक्षकांच्या नावाने पगार काढल्याचा आरोप, अधिकाऱ्यांना अटका. अशा प्रकरणात तपासणाऱ्याचा पहिलाच प्रश्न असतो, लॉगिन कुणी केलं? जिथे पासवर्ड चार जणांना पाठ आहे तिथे या प्रश्नाला उत्तर नसतं. किंवा उत्तर असतं, पण चुकीच्या माणसाचं नाव घेऊन येतं. मला भीती त्याची होती.

बरं, एसएसओ आलं की सगळं आलबेल, असंही नाही राजेहो. खिडकी बंद तर सगळ्या गाड्या बंद! आमच्याकडे एका सोमवारी सहीचं सर्टिफिकेट संपलं. तारीख माझ्याच कॅलेंडरमध्ये होती, मी पुढे ढकलली होती. सकाळी नऊला हजारो लोक बाहेर, आणि मदत मागायचं ॲपसुद्धा त्याच लॉगिनच्या मागे. शेवटी व्हॉट्सॲपवर शिव्या खाल्ल्या. दुसरं, एकच किल्ली असली की चोर तीच शोधतो. 'कवच' हे सरकारी कर्मचाऱ्यांचं कोड देणारं ॲप होतं, तर 'ट्रान्सपरंट ट्राइब' नावाच्या हॅकर टोळीने त्याचीच बनावट आवृत्ती पसरवली. आणि सवय ओटीपी वाचून दाखवायचीच राहिली, तर आज एक पोर्टल उघडतं, उद्या त्याच सहा आकड्यांत सगळं उघडेल.

बाबा या ३१ मेला निवृत्त झाले. चार्ज यादी त्यांनी हातानेच लिहिली: कपाटाच्या किल्ल्या, जनरल रजिस्टर, डेडस्टॉक, शिक्के. मी मागे लागून एक पान जोडायला लावलं. कुठल्या पोर्टलला त्यांचा नंबर आहे, आणि तो बदलावा असा अर्ज. पासवर्ड लिहायचे नाहीत, फक्त पोर्टलची नावं. पोच घेतली. आई म्हणाली, "पाय बरं, लग्नाची यादीही येवढी नोती केली."

पण जुन्या शाळेचं राहिलंच होतं. मागच्या आठवड्यात तिकडून फोन आला. "सर, ओटीपी आला का?" बाबा म्हणाले, "आला. पण आधी पोर्टलवर नंबर बदलायचं पान उघडा. मी थांबतो लाइनवर." पंचवीस मिनिटं लागली, मध्ये दोनदा रेंज गेली. नंबर बदलायला जो ओटीपी लागतो, तोही बाबांच्याच फोनवर आला. तो त्यांनी वाचून दाखवला.

पुढच्या भागात पासकीबद्दल बोलू. भेटू.