पादपीठावरचे पूर्वज



श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ज्या गावाकडे दत्तभक्तांची पावले वळतात आणि सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही जैन भट्टारकपीठांचा, म्हणजे धर्मगुरूंच्या गाद्यांचा, वारसा ज्या गावाने सांभाळला, त्या कारंजा लाड नगरीत स्वागतसमितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

पूर्वजांचा माग काढणाऱ्यांनी येथे जमावे हे उचितच झाले. कारण या गावाच्या भरभराटीत बाहेरून आलेल्या कुळांचा वाटा मोठा. राजस्थानातील बघेरा या गावावरून ज्यांना नाव पडले ते बघेरवाल त्यांपैकीच. वऱ्हाडात स्थिरावल्यावर अनेक घराण्यांनी नव्या गावावरून ‘कर’ लावून आडनावे घेतली, त्यामुळे आडनाव धरून मागे जाणारा संशोधक वऱ्हाडातच अडतो. पुढची वाट दाखवते ते गोत्र, आणि ते गोत्र जपले आहे मंदिरांतील मूर्तींच्या पादपीठांवर कोरलेल्या लेखांनी.

1845 पासूनच्या दुष्काळात आयर्लंड सोडून गेलेल्यांच्या वंशजांची अडचण येथे आठवते. 1922 च्या यादवीत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला, एकोणिसाव्या शतकातील बहुतेक खानेसुमाऱ्या त्या आगीत किंवा तिच्या आधीच नाहीशा झाल्या, आणि ती मंडळी रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली 1847 ते 1864 या काळात प्रसिद्ध झालेल्या करआकारणीच्या याद्या चाळू लागली. त्या याद्यांत कब्जेदार सापडतो, जमीनमालक सापडतो; कब्जेदाराची बायकोमुले सापडत नाहीत. आपल्याकडील जमाबंदीच्या कागदांचीही हकिगत फारशी निराळी नाही.

मूर्तिलेखाचे तसे नाही. त्यात शक अथवा संवत, तिथी, गण व गच्छ या मुनिसंघाच्या शाखा, भट्टारकांची परंपरा आणि मग प्रतिष्ठा करविणाऱ्याची ज्ञाती, गोत्र, त्याची भार्या, पुत्र, कित्येकदा सुनाही नावानिशी येतात. महसुली दप्तराने ज्या स्त्रियांची दखल घेतली नाही, त्या पितळेच्या वीतभर मूर्तीखाली आजही नांदत आहेत; ही गोष्ट मला वंशावळीतील कोणत्याही पराक्रमापेक्षा मोलाची वाटते.

मात्र लेख वाचताना सावधगिरी हवी. इसवी सन काढताना शकात 78 मिळवावे लागतात, विक्रम संवतातून 57 वजा करावे लागतात. एकाच्या जागी दुसरा धरला की कूळ 135 वर्षे इकडचे तिकडे होते. अशा वेळी भट्टारकाचे नाव हाच दुसरा साक्षीदार. विद्याधर जोहरापूरकर यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथात लेख व प्रशस्ती कालक्रमाने लावून दिल्या आहेत; आपल्या वाचनाची शहानिशा तेथे करावी, आणि वंशावळी लिहिणाऱ्या भाटांच्या वह्यांतील मजकूरही याच कसोटीवर घासावा. वही पिढ्यान्‌पिढ्या नकलून येते, नकलणाऱ्याचा हात चुकतो, क्वचित यजमानाच्या हौसेसाठी एखादा राजाही वंशात येऊन बसतो.

पण ही साक्ष झिजते आहे. नित्याच्या अभिषेकाने आणि घासूनपुसून लकाकी आणण्याच्या श्रद्धाळू उत्साहाने अक्षरे पुसट होत चालली आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून आपणा सर्वांस माझी कळकळीची विनंती आहे: गावी परतल्यावर मंदिराच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन आपापल्या देवघरातील आणि मंदिरातील प्रत्येक लेखाचे छायाचित्र घ्या, नक्कल उतरा, आणि तिची एक प्रत मंदिराच्या दप्तरी रुजू करा.