हडळीच्या बाजूने

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात 'बायका आणि करमणूक' या सत्रात केलेलं भाषण)



मालिकांमधल्या सासवा-सुनांवर सकाळी भरपूर बोलून झालं. म्हणून संयोजकांनी मला सांगितलं, तू आता तुझ्या भुतांबद्दल बोल. मला भयपट आवडतात हे गटात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावरून मी बोलणीही खाल्ली आहेत. दिवसा अंधश्रद्धेविरुद्ध शिबिरं घ्यायची आणि रात्री हडळी बघत बसायचं, हे जमतं कसं?

मला तरी जमतं. कारण सिनेमातली हडळ कोणाचं घर बळकावत नाही. गावात जेव्हा एखाद्या एकट्या बाईला भुताळी किंवा डाकीण ठरवतात, तेव्हा बहुतेक वेळा तिच्या नावावर चार गुंठे जमीन असते, किंवा ती उलट बोलणारी असते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढतात. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो याच प्रकारांसाठी. ती लढाई वेगळी, आणि ती आपण लढतोच आहोत. पण गोष्ट सांगणाऱ्याने हडळीची बाजू घेतली की गावाची, हा प्रश्नही मला महत्त्वाचा वाटतो. गावाने जिला हाकललं तिच्याकडे बघायची नजर अशा गोष्टींमधूनच तयार होते.

आपल्याकडची भुतं आठवा. बाळंतपणात किंवा पोटुशी असताना मेलेली बाई अलवंतीण होते. तिचे पाय उलटे, केस मोकळे. मी लहानपणी ऐकलेल्या एकाही गोष्टीत ती मेली कशी, सुईण वेळेवर का आली नाही, तिला दवाखान्यात का नेलं नाही, हे कोणी विचारत नसे. गावाला नुसती तिची भीती. मला वाटतं ही भीती अपराधाची आहे. जिच्याकडे कोणी बघितलं नाही, तीच परत येणार.

रामसे बंधूंनी या भीतीचा धंदा केला. 1984 चा 'पुराना मंदिर', 1988 चा 'वीराना'. त्या सिनेमांत बाई दोनच कामांसाठी असे, एक न्हाणीघरात ओलं होण्यासाठी आणि दुसरं किंचाळण्यासाठी. त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र चित्र बदललं आहे. 'बुलबुल' 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. अन्विता दत्त या बाईंनीच लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला. गोष्ट 1881 च्या बंगालमधली, बालविवाह होऊन मोठ्या हवेलीत आलेल्या मुलीची. सुरुवातीलाच लग्नाच्या वेळी ती विचारते, पायात जोडवी कशाला? उत्तर मिळतं, मुलीच्या पायात तिथे एक शीर असते, ती दाबली नाही तर मुलगी उडून जाते. पुढे नवरा तिचे पाय फोडतो, आणि उलट्या पायांची चेटकीण कुठून आली हे आपल्याला वेगळ्याने सांगावं लागत नाही. लाल रंगाचा भडिमार मला जरा जास्त वाटला, आणि बलात्काराचा प्रसंगही लांबवला आहे. पण तो लहान मुलीचा प्रश्न मी विसरलेले नाही.

आता आपल्या मराठीतला 'लपाछपी'. 2017 चा, दिग्दर्शक विशाल फुरिया. हिंदीत त्यानेच 2021 मध्ये 'छोरी' नावाने परत केला. तुम्ही दोन्हींतला एकच बघणार असाल तर मराठी बघा. पूजा सावंत गरोदर बाई झाली आहे. कर्जाच्या भानगडीमुळे नवऱ्यासोबत शहरातून पळून ती उसाच्या फडात दडलेल्या एका घरात येते. त्या घरातली वडीलधारी बाई म्हणजे उषा नाईक. काय काम केलं आहे! ती ओरडत नाही, डोळे वटारत नाही. गरम जेवण वाढते, पोटावर हात ठेवते, 'असं करू नये, पोटुशीनं असं बसू नये' म्हणते. आपल्यातल्या किती जणींनी हे ऐकलं आहे! मला भुतांपेक्षा तिची माया जास्त भीतिदायक वाटली. पोटातला जीव मुलगा असला तरच त्या मायेला अर्थ आहे, हे हळूहळू उलगडतं.

आणि तो ऊस. डोक्याच्या वर गेलेला, चारी बाजूंनी सारखाच, कुठून आलो ते कळू नये असा. अनेक परदेशी भयपटांत मक्याची शेतं असतात, ती आपल्याला परकी. ऊस आपला आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, आणि ऊसतोडीला माणसं पाठवणाऱ्या बीड जिल्ह्यात 807. त्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची चर्चा 2019 मध्ये विधिमंडळात झाली. हे आकडे मी गर्भलिंगनिदानावरच्या कितीतरी बैठकांत फळ्यावर लिहिले आहेत. बायका माना डोलावतात, घरी जातात. 'लपाछपी' बघितल्यावर मात्र माझ्या शेजारीण मावशी रात्री अकरा वाजता आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि स्वतःच्या तिसऱ्या बाळंतपणाबद्दल पहिल्यांदा बोलल्या. फळ्यामुळे ते झालं नव्हतं.

भूत आणि विनोद यांची मिसळ सध्या फार चालते. 'स्त्री' 2018 मध्ये आला तेव्हा मला फार आवडला. रात्री पुरुष घराबाहेर पडायला घाबरतात, बायका त्यांना 'जपून जा' म्हणतात, नुसत्या या अदलाबदलीनेच सिनेमागृहात बायका खळखळून हसत होत्या. भिंतीवर 'उद्या ये' असं लिहून भूत परतवायची ती युक्ती कर्नाटकातल्या 'नाळे बा'च्या अफवेशी जुळणारी. 2024 च्या दुसऱ्या भागात मुंडकं नसलेला पुरुष आधुनिक विचारांच्या मुलींना उचलून नेतो आणि गावातले पुरुष बायकांना घरात कोंडतात. कल्पना नेमकी आहे. पण त्याच सिनेमात एक नाचाचं गाणं घुसवलं आहे, त्यात कॅमेरा कुठे फिरतो ते बघा. डोकं नसलेला पुरुष कॅमेऱ्यामागेही उभा होता की काय, असं वाटलं.

'मुंज्या'ही 2024 चाच, कोकणातला. मुंज झालेला मुलगा आपल्यापेक्षा मोठ्या मुलीशी लग्न करायच्या हट्टापायी धाकट्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, त्यात स्वतःच मरतो आणि भूत होतो. पिढ्या गेल्या तरी त्याला लग्न हवंच, आधी तिच्याशी आणि मग तिच्या नातीशी. एकतर्फी प्रेमाचं इतकं खरं भूत मी दुसरं पाहिलं नाही. माझी तक्रार एवढीच, की ती बळी जाता जाता वाचलेली बहीण, म्हणजे सुहास जोशींची आजी, तिला सिनेमा फार लवकर सोडून देतो. आयुष्यभर तिने काय सोसलं असेल ते मला बघायचं होतं.

केरळच्या 'लोका'बद्दल एकच सांगते. 2025 चा हा सिनेमा. जुन्या कथेत नीली नावाच्या यक्षिणीला एक पाद्री वश करतो, इथे तीच नायिका आहे.

आणि शेवटी 'खौफ', 2025 ची प्राइमवरची आठ भागांची मालिका. लेखिका स्मिता सिंग. ग्वाल्हेरची मधू दिल्लीत नोकरीसाठी येते आणि नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहते. आधी तिथे राहणारी मुलगी मेलेली आहे, ही खोली नको, असं बाकीच्या मुली तिला सांगतात. पण दिल्लीत परवडणारी दुसरी खोली कुठे आहे? आपल्यातल्या ज्या वसतिगृहात राहिल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. मधूवर पूर्वी अत्याचार झाला आहे, त्यामुळे भूत यायच्या आधीच ती सारखी मागे वळून बघते. मग तिच्या अंगात येतं तेही पुरुषाचं भूत. हकिमाचं प्रकरण मला ताणलेलं वाटलं, ते एका भागात संपलं असतं. गीतांजली कुलकर्णींची पोलीस शिपाईण मात्र चुकवू नका. खाकीतली, थकलेली, गुन्हेगाराइतकीच स्वतःच्या घरावरही चिडलेली.

काही गट वस्तीत सिनेमे दाखवतात, त्यांनी 'लपाछपी' जरूर दाखवावा. दुपारी दाखवा, रात्री नको, म्हणजे बायकांना एकटीने घरी जावं लागणार नाही. लहान मुलांना दुसऱ्या खोलीत बसवा. गरोदर बायकांना आधी विषय सांगा, मग यायचं की नाही ते त्या ठरवतील. आणि सिनेमा संपला की लगेच दिवे लावून चर्चा सुरू करू नका. आधी चहा द्या. बोलणारी बाई चहाच्या कपातूनच बोलायला लागते.