सुट्टीतले शिबिर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलींच्या उन्हाळी शिबिराविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. शिबिर ही गोष्ट सातारा-सांगलीकडच्या आपल्याला नवी नाही. राष्ट्र सेवा दल 1941 साली निघाले. लहानपणी मीही त्याच्या एका शिबिरात गेले होते. घरी कधी ताट न उचललेली मी, तिथे आठ दिवस साऱ्यांची ताटे घासली. शेजारी कोण जातीची बसली आहे, हे विचारायचे नाही, असा तिथला नियम होता. आजीला तो मुळीच रुचला नाही. माझ्या मात्र तो अंगी लागला.

पण आज मी गोष्ट सांगणार आहे ती ज्यू समाजाच्या शिबिरांची. ज्यू म्हणजे आपल्याला अगदीच परके नव्हेत. किहीमकर, दिवेकर, राजपूरकर ही नावे ऐकली तर ती आपलीच वाटतील. कोकणातले हे बेने इस्राएल. घरात बोलणे मराठी, धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवले ‘शनवार तेली’. शतकानुशतके यांचा धर्म टिकला तो घरातल्या चालीरीतींवर, शनिवारच्या विसाव्यावर आणि मलिद्याच्या ताटावर. म्हणजे पुष्कळसा बायकांच्या हातून. मुंबईत 1913 साली या समाजातल्या भगिनींचे स्त्री मंडळ निघाले. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे.

जे ज्यू युरोपातून अमेरिकेस गेले, त्यांची तऱ्हा निराळी. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळवजा इमारतींत एकेका खोलीत सारे बिऱ्हाड. मुली कपड्यांच्या कारखान्यांत दिवसभर शिवणकाम करीत. अशा नोकरदार मुलींना उन्हाळ्यात परवडेल अशी मोकळी हवा मिळावी, म्हणून 1893 च्या सुमारास तिथे एक संस्था निघाली. 1902 मध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी ‘सरप्राइज लेक’ नावाच्या तळ्याकाठी शिबिर सुरू झाले. भगिनींनो, हे ध्यानात घ्या. या शिबिरांची सुरुवात श्रीमंतांच्या हौसेतून झाली नाही. ज्यांना पैसे देणे जमत नव्हते, त्यांच्यासाठीच ती निघाली.

पुढे चिंता बदलली. मुलांना हवा मिळाली, अन्न मिळाले. पण ती आपली भाषा आणि सणवार विसरू लागली. 1919 साली ‘सेज्विन’ शिबिर निघाले. त्यात खेळ आणि पोहण्याबरोबर समाजाची गाणी नि सणही आले. 1941 मध्ये ‘मसाद’ निघाले. तिथे सारा व्यवहार हिब्रूत. बेसबॉल हा अस्सल अमेरिकन खेळ, पण त्यातल्या शब्दांनाही त्यांनी हिब्रू प्रतिशब्द घडवले! 1947 मध्ये विस्कॉन्सिनमधील कॉनोव्हर येथे पहिले ‘रामा’ शिबिर भरले. युरोपात साठ लाख ज्यूंचा संहार होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जे उरले आहे ते मुलांच्या हाती सोपवायचे, ही तळमळ त्यामागे होती.

हंगेरीत तर नवलच घडले. कम्युनिस्ट राजवटीत कित्येक आईबापांनी आपण ज्यू आहोत हे मुलांना सांगितलेच नव्हते. 1990 मध्ये सार्वाश येथे शिबिर सुरू झाले. तिथे शिकलेल्या प्रार्थना मुलांनी घरी नेल्या आणि आईबापांना शिकवल्या. नाना देशांची मुले तिथे येतात. भारतातली ज्यू मुलेही तिथे जाऊन आली आहेत.

हे सारे कशाने साधले? शाळेत मूल तासभर ऐकते आणि घरी येऊन विसरते. शिबिरात ते सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत तेच जगते. जे हाताने केले आणि चारचौघींबरोबर गायले, ते जन्मभर राहते.

आता आपल्याकडे वळते. गेल्या वर्षी खर्च वाढला म्हणून आपण शिबिराची फी वाढवली. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होते. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी आदल्या वर्षी शिबिरात होती. झिम्मा-फुगडीत तिच्या तोडीची दुसरी नव्हती. यंदा ती आली नाही. मी विचारले, तेव्हा तिची आई एवढेच म्हणाली, “तिला बरं नव्हतं, बाई.” मुलगी मात्र मागे उभी होती, चांगली धडधाकट. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, पुढच्या शिबिरात दर पाच मुलींमागे एक जागा बिनफीची असावी, आणि ती कोणाची हे चिटणीसबाईंखेरीज कोणाला कळू नये. पहिल्या दोन जागांचा खर्च मी देते. बाकीचे आपण हळदीकुंकवाच्या वाणातून सहज वाचवू.