लहान विमान, लहान वेतन

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या विमानतळावर दोन विमाने शेजारीशेजारी उभी असतात. दोहोंचा रंग एक, शेपटावरील चिन्ह एक, आणि प्रवाशाच्या हातातील तिकिटावर छापलेले नावही एकच. एक विमान दीडशे माणसांना घेऊन महानगराकडे निघते, दुसरे पन्नास माणसांना घेऊन दूरच्या लहानशा गावाकडे. दोघांनाही तेच धुके भेदून जावयाचे असते, त्याच नियंत्रकाची आज्ञा पाळावयाची असते. मात्र लहान विमानाचा वैमानिक बहुधा दुसऱ्याच कंपनीचा नोकर असतो. त्याचे वेतन मोठ्या विमानाच्या वैमानिकाहून पुष्कळ कमी असते, याची प्रवाशाला कल्पनाही नसते.

विमानाच्या आकारावरून वैमानिकाचे मोल ठरविण्याची ही पद्धत आजकालची नाही. १९३४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रम मंडळाने आपल्या ८३ क्रमांकाच्या निर्णयात वैमानिकाच्या वेतनाचे सूत्र घालून दिले. मूळ वेतन, उड्डाणाचे तास आणि कापलेले अंतर यांची त्यात सांगड होती. तासाचा दर विमानाच्या वेगाप्रमाणे चढत असे. पुढे विमानाचे वजनही हिशेबात आले. यामागील विचार सरळ होता. यंत्र सुधारल्यामुळे एक माणूस अधिक काम करू लागला, तर वाढलेल्या उत्पन्नाचा काही वाटा त्यालाही मिळावा, एवढाच त्याचा अर्थ होता. या व्यवस्थेला सेवाज्येष्ठतेची जोड मिळाली. तरुणाने लहान विमानापासून आरंभ करावा आणि वर्षांगणिक मोठ्या विमानाकडे चढत जावे, असा तो जिना होता. पायऱ्या उंचसखल असल्या तरी सगळ्या एकाच घरातल्या होत्या.

१९९२ मध्ये कॅनडात बनलेले पन्नास आसनांचे लहान जेट विमान सेवेत आले आणि हा जिना मध्येच तुटला. तोवर लहान गावांना पंख्यांची छोटी विमाने जात. त्यांचे काम दुय्यम कंपन्यांकडे असे आणि मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांना त्याची फारशी फिकीर नव्हती. जेटची गोष्ट निराळी होती. ते वेगवान होते, दूरवर जाणारे होते. मोठ्या विमानांचे मार्ग हळूहळू या स्वस्त कंपन्यांकडे जातील, ही भीती बळावली. म्हणून वैमानिकांच्या संघटनांनी करारातील एका कलमाचा जोरदार आश्रय घेतला. बाहेरच्या कंपनीने किती आसनांची आणि किती विमाने चालवावीत, याची मर्यादा त्या कलमाने ठरते.

या वादाला १९९७ मध्ये तोंड फुटले. अमेरिकन एअरलाइन्सच्या नऊ हजारांहून अधिक वैमानिकांची एक मुख्य मागणी अशी होती की, कंपनीची नवी लहान जेट विमाने त्यांनीच चालवावीत. कमी वेतनाच्या उपकंपनीने नव्हे. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्री संप सुरू झाला आणि काही मिनिटांतच राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९२६ च्या रेल्वे श्रम कायद्याखाली मंडळ नेमून तो थांबविला. मे महिन्यात तडजोड झाली. वैमानिकांना वेतनवाढ मिळाली. लहान जेट विमाने मात्र उपकंपनीकडेच राहिली.

चार वर्षांनी लहान विमानांचे वैमानिकच उठले. डेल्टाच्या मालकीच्या कॉमएअर कंपनीतील १३०० हून अधिक वैमानिकांनी २६ मार्च २००१ रोजी काम थांबविले. संप ८९ दिवस चालला. जेट चालवितो तर जेटचे वेतन द्या, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. वेतन वाढले. परंतु असे काम स्वस्तात करणाऱ्या कंपन्या इतरही होत्या, आणि २०१२ मध्ये डेल्टाने कॉमएअर बंदच केली.

कंपन्यांच्या बाजूनेही न्यायाने बोलले पाहिजे. दोन वैमानिकांचा खर्च तीनशे तिकिटांवर वाटणे आणि पन्नास तिकिटांवर वाटणे, यांत मोठे अंतर आहे. वेतन सरसकट समान केले, तर काही लहान गावांची विमानसेवा परवडेनाशी होईल, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. प्रश्न एवढाच की, या काटकसरीला तळ कोठे असावा?

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोकडे निघालेले, एका प्रादेशिक कंपनीचे पंख्यांचे विमान कोसळले आणि ५० माणसे मृत्युमुखी पडली. वैमानिकाने धोक्याच्या सूचनेला दिलेला चुकीचा प्रतिसाद हे अपघाताचे कारण ठरले, वेतन नव्हे. पण चौकशीत निघालेल्या गोष्टींनी देश अस्वस्थ झाला. सहवैमानिक सिअ‍ॅटलच्या बाजूने रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. तिचे वार्षिक वेतन प्रथम सुमारे १६,००० डॉलर सांगितले गेले. कंपनीने नंतर तो आकडा सुमारे २४,००० असल्याचा खुलासा केला. तो खरा धरला, तरी विमानात बसलेल्या माणसाला धीर देणारा नव्हता.

यानंतर कायदा झाला. सहवैमानिकाला पूर्वी सुमारे २५० तासांचा अनुभव पुरे असे. २०१३ पासून सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट आली. शिक्षणाचा खर्च वाढला, आरंभीचे वेतन तुटपुंजेच राहिले, आणि या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवणारे घटले. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने इथाका आणि टोलेडो या शहरांची सेवा प्रादेशिक वैमानिकांच्या टंचाईचे कारण देऊन बंद केली. त्याच वर्षी तिच्या उपकंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलरांवर नेला. जे वाटाघाटींना पंचवीस वर्षांत साधले नाही, ते टंचाईने काही महिन्यांत साधले. मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून शिक्षण घेतले आणि अर्धपोटी उड्डाणे केली, त्यांना मात्र त्याचा उपयोग नव्हता.

भारतालाही हा प्रश्न परका राहणार नाही. कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने २०१९ मध्ये पन्नास आसनांच्या जेट विमानांनीच आपली सेवा सुरू केली. लहान शहरे आकाशमार्गाला जोडली जावीत, हे योग्यच आहे. मोठ्या विमानाच्या वैमानिकाला थोडे अधिक मिळावे, यातही अन्याय नाही. परंतु वेतनाचा कळस आसनांच्या संख्येवर उभारला, तरी त्याचा पाया जबाबदारीवरच घातला पाहिजे. पन्नासांतल्या प्रत्येक प्रवाशाचा जीव तीनशेंतल्या प्रवाशाइतकाच मोलाचा असतो. आणि त्याच्यासाठी जागा राहणारा माणूस, विमान लहान आहे म्हणून, कमी जागा राहून चालत नाही.