कामठा हलका केला, सोडला नाही

(आपल्या बमरोलीच्या मंडळात गेल्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर. अनेकांनी मागणी केल्यामुळे या अंकात देत आहोत.)



कार्यवाह घरी आले आणि म्हणाले, "काका, यंदा तुम्ही बोला." मी म्हटलं, तीस वर्षं लूम्सच्या खात्यात गेली. तिथे संच्यांच्या खडखडाटात माणूस हातवारे करून बोलतो, मी भाषण काय करणार? ते म्हणाले, "मग खांद्याबद्दल बोला. या गल्लीत दर तिसऱ्या घरी कोणाचा ना कोणाचा खांदा धरलेला आहे." ते खरंच आहे. ताके वाहणारे, बीम चढवणारे, दिवसभर मान खाली घालून साड्यांना टिकल्या लावणाऱ्या आपल्या बहिणी, आणि या दहा दिवसांत ढोल वाजवणारी आपली पोरं, सगळ्यांचा भार शेवटी खांद्यावरच येतो. म्हणून बोलायला उभा राहिलो.

माझा खांदा गेला तो तीरकामठ्यामुळे. निदान मला तसं वाटत होतं. पुढे कळलं की अर्धा दोष माझ्या तोऱ्याचा होता.

आमचं मूळ गाव शहादा तालुक्यात. वडील १९७४ साली ताप्ती लाईनच्या गाडीनं सुरतेला आले, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मामाचं गाव तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दर उन्हाळ्यात तिथे जायचो. मामाच्या शेताशेजारी एक भिल्ल बाबा राहायचे. त्यांनी मला कामठा धरायला शिकवलं. बांबूचा कामठा, त्याला बांबूच्याच सालीची दोरी. नेम धरायला त्यावर काही खूण नाही, बाण टेकवायला खाच नाही. डोळा निशाणावर ठेवायचा आणि बाकीचं हातावर सोपवायचं. आपल्या देशात या बांबूच्या धनुष्याच्या रीतसर स्पर्धाही होतात, त्याला इंडियन राऊंड म्हणतात. मी स्पर्धेत कधी उतरलो नाही. पण रविवारी सकाळी मोकळ्या जागेत पोत्यात चिंध्या भरून बाण मारायचे, हा माझा नेम पंचवीस वर्षांचा. आठवडाभराचा आवाज त्या तासाभरात डोक्यातून निघून जायचा.

२०१९ च्या होळीला गावी गेलो होतो. तिथे चारचौघांत मी माझा जड कामठा पूर्ण ओढून दाखवला. एकदा नाही, पोरं "अजून, अजून" म्हणत होती तितक्या वेळा. त्या रात्री उजवा खांदा ठणकला. मी कोणाला सांगितलं नाही. सुरतेला आल्यावर पुन्हा पाळी, पुन्हा ताके, पुन्हा रविवार. शर्ट घालताना कळ यायची, रात्री उजव्या कुशीवर झोपता यायचं नाही. होळीपासून दिवाळीपर्यंत मी हे लपवलं. आई म्हणायची, "काय व्हयनं रे?" मी म्हणायचो, काही नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी कामठा ओढताना खांद्यात काहीतरी चर्रकन झालं आणि हात खाली पडला. तरीही मी आधी डॉक्टरांकडे गेलो नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून एकाकडे खांदा चोळून, हिसका देऊन घेतला. दुसऱ्या दिवशी केस विंचरायलाही हात वर जाईना. मंडळींनी रिक्षा बोलावली आणि म्हणाली, "अहो, आता मी सांगते तिकडे चला."

डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला आणि मग खांदा म्हणजे काय ते समजावलं. आपला कुल्ल्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याची वाटी मात्र उथळ, जवळजवळ बशीच. बशीवर लिंबू ठेवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा त्यावर असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. ते लिंबू घरंगळू नये म्हणून चार लहान स्नायू त्याला चारी बाजूंनी धरून ठेवतात. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. त्यातल्या वरच्या स्नायूची शीर हाडाच्या छताखालच्या चिंचोळ्या जागेतून जाते. खांदा कानाकडे उचलून जोर लावला की ती तिथे चेपली जाते, आणि रोज चेपत राहिली की झिजून फाटते. माझी तीच शीर अर्धवट फाटली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण सहा महिने ओढणं आणि उचलणं बंद.

सहा महिने! ज्याची रोजी ताके उचलण्यावर, त्यानं सहा महिने उचलायचं नाही? खात्यात मला कापड तपासायला बसवलं, पगार कमी झाला. मंडळींनी टिकल्यांचं काम दुप्पट घेतलं. मित्रहो, खांदा माझा दुखत होता आणि बोटं तिची सुजत होती. मी वेळेवर बोललो असतो तर कदाचित इतकं झालं नसतं. ही गोष्ट मला आजही टोचते.

फिजिओथेरपी देणारी मुलगी गुजराती, माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्या दिवशी तिनं फक्त वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा हलवायला सांगितला. मग भिंतीवर बोटांनी हात वर चढवायचा. मला हसू आलं. मी घाई करू लागलो तशी ती म्हणाली, "काका, हरीफाई कोनी साथे छे?" स्पर्धा कोणाशी आहे? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढे रबरी पट्टा आला, मग दोन्ही पाती पाठीमागे जवळ आणायचा व्यायाम. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, तिच्याकडे जाणं बंद झालं. घरातल्या भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि रोज बोटं कुठवर चढतात ते पाहू लागलो. त्या खुणा आजही आहेत, रंग देताना मंडळींनी ती भिंत सोडायला लावली.

एके दिवशी रिकाम्या हातांना उद्योग म्हणून स्प्रिंगचा वजनकाटा आणला, कामठा दारावर टांगला आणि मुलाला पूर्ण ताणेपर्यंत दोरी काट्यानं ओढायला लावली. काटा २२ किलोवर गेला. मी रविवारी साठ बाण मारायचो. साठ गुणिले बावीस, १,३२० किलो. तेही आठवडाभर ताके उचलून झाल्यावर. इतकी वर्षं मी हा हिशेब केलाच नव्हता. लहान ताकदीच्या कामठ्यानंही बाण निशाणावर लागतो, पण चारचौघांत मिरवायला जड कामठा हवा होता.

सहा महिने संपले. रोजचं काम जमू लागलं, पण उजव्या हातानं कामठा ओढायला गेलो की कळ यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या हातानं जड ओढणं आता विसरा. त्या रात्री मी कामठा माळ्यावर टाकला.

तेव्हा महाभारताची आठवण झाली. आपला बाप्पा त्याचा लेखक, त्यामुळे आज इथे ती सांगायला हरकत नाही. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवली. दसऱ्याला आपण ते आठवतो. पण त्या वर्षी अर्जुन काय करत होता? गांडीव झाडावर आणि हा विराटाच्या घरी मुलींना नाच शिकवत होता. वर्षभर धनुष्याला हात न लावताही तो धनुर्धरच राहिला. आणि त्याचं आणखी एक नाव सव्यसाची, म्हणजे डाव्या हातानंही धनुष्य ओढणारा. मनात आलं, आपल्याला दुसरा हात आहे की!

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अगदी हलक्यापासून सुरू करा, आणि उजवा खांदा आता धनुष्य धरायला लागेल, तो कानाकडे उचलू नका. आपल्या बांबूच्या कामठ्याची एक सोय आहे, त्याला डावं-उजवं नसतं. आधुनिक धनुष्याची मूठ एकाच हाताची असते, ती बदलावी लागते. २०२० च्या दसऱ्याला लहान मुलाचा सहा किलोचा कामठा घेऊन डाव्या हातानं पहिला बाण मारला. तो पोत्यापर्यंतही पोचला नाही. एक अडचण डोळ्याचीही होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूकडे बोट दाखवा आणि एकेक डोळा मिटून पाहा. ज्या डोळ्यानं बोट जागेवर दिसतं तो तुमचा मुख्य डोळा. माझा उजवा निघाला. डाव्या हातानं मारताना तो मिटावा लागतो. वर्षभर मी पाटी-पेन्सिल घेतलेल्या पोरासारखाच होतो.

याच काळात, जुलै २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिक झालं. आपल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव भारतीय संघात होता. शेतमजुराचा मुलगा तिथवर पोचला, म्हणून मी मोबाईलवर सामना पाहिला. उपांत्यपूर्व फेरीत कोरियाकडून आपण ६-० हरलो. वाईट वाटलं. नंतर कोरियाच्या संघाबद्दल वाचलं. त्यात ओ जिन-ह्येक हा जवळपास चाळिशीचा माणूस होता, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. त्याच्या खांद्याच्या चारपैकी तीन स्नायू फाटलेले होते आणि डॉक्टरांनी त्याला खेळ सोडायला सांगितलं होतं, असं बातम्यांत आलं होतं. दुसरा किम जे-दोक, १७ वर्षांचा. तो २०२० च्या निवडीतून खांद्याच्या दुखण्यामुळेच बाहेर पडला होता. ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं म्हणून त्याला दुसरी संधी मिळाली. त्या संघानं सुवर्णपदक घेतलं. त्यांच्या मागे प्रशिक्षक होते, डॉक्टर होते, तुमच्या-माझ्या मागे ते नसतात. त्यामुळे "ते करतात तर आपणही दुखणं सोसू" असा अर्थ कृपा करून काढू नका. मी इतकंच घेतलं की जगातल्या उत्तम तिरंदाजाचाही खांदा फाटतो. यात लाज बाळगण्यासारखं काही नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर जुना कामठा घेऊन बाबांकडे गेलो. फार थकले होते. ओशाळून सांगितलं, आता हा ओढवत नाही. मला वाटलं, ते हळहळतील. त्यांनी चाकू मागितला. कामठा मांडीवर आडवा घेतला आणि आतल्या बाजूनं हळूहळू तासायला लागले. बाहेरची साल अजिबात दुखवली नाही, कारण सगळा ताण ती झेलते. थोडं तासायचं, वाकवून पाहायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं. फार थोडा भुसा निघाला. म्हणाले, "साल शाबूत आहे ना? मग कामठा शाबूत आहे." घरी येऊन काट्याला लावला, १४ किलो भरला. बाबा आता नाहीत. तो कामठा आहे.

आज मी डाव्या हातानं रविवारी चोवीस बाण मारतो, त्याहून एकही जास्त नाही. नेम पूर्वीइतका नाही, तो तसा होईल असंही वाटत नाही. थंडीत उजव्या कुशीवर अजून झोपता येत नाही. पण रविवारची सकाळ परत मिळाली. गल्लीतली पाच-सहा मुलं-मुली शिकायला येतात. त्यांना पहिल्या दिवशी मी बाण देत नाही, रबरी पट्टा देतो. हातानं ओढू नका, पाठीनं ओढा. खांदा कानापासून लांब ठेवा. ताणून उगाच धरून राहू नका. बाण न लावता दोरी सोडू नका. दुखलं तर त्याच दिवशी सांगा. शेवटचा नियम मोडला तर महिनाभर बाण बंद.

जाता जाता चार गोष्टी घरच्यासारख्या सांगतो. एक, खांदा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, रात्री झोपमोड होऊ लागली किंवा हात अचानक वर जाईनासा झाला, तर डॉक्टरांकडे जा, हिसका देऊन घेऊ नका. दोन, चाळीस ते साठ वयात, आणि मधुमेह असेल तर जास्तच, खांदा आखडून बसतो. त्याला दुर्लक्ष नको आणि जबरदस्तीही नको. तीन, डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण किंवा घाम आला तर ते खांद्याचं समजू नका, तडक दवाखाना गाठा. चार, ढोलपथकातल्या पोरांनो, विसर्जनाच्या दिवशी ढोल एकाच्याच गळ्यात सकाळपासून रात्रीपर्यंत राहू देऊ नका. आळीपाळीनं घ्या. मधे खाली ठेवलात म्हणून कोणी तुम्हाला कच्चा म्हणणार नाही, आणि म्हणालंच तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आपल्या बाप्पाचा एक दात मोडलेला आहे. आपण तो झाकत नाही, उलट एकदंत म्हणून त्याच नावानं हाक मारतो. मग आपलं दुखणं आपण घरच्यांपासून का लपवावं? आज घरी गेल्यावर ज्याचा जो सांधा दुखत असेल त्यानं तो सांगावा. माझ्या भाषणाचं एवढंच मानधन.

बोलण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. गणपती बाप्पा मोरया!